मेल्या, सूप निवतंय!

यिक काका मला पहिल्यांदा भेटले तेव्हा ते मेलेले होते. शवपेटीत नीट आडवे, पोटावर हात जुळवलेले, चेहऱ्याला तांदळाच्या पिठासारखा रंग, भोवती पांढऱ्या शेवंतीची रास. उशाशी बसून एक नटी असा टाहो फोडत होती की छपरातली कबुतरं बिऱ्हाड बदलायला निघाली होती. काऊलूनच्या त्या स्टुडिओत फोटोग्राफर म्हणून माझा तो पहिला दिवस. थिएटरच्या दर्शनी काचेत लावायला प्रत्येक प्रसंगाचा एक फोटो काढायचा, एवढंच काम. मी अदबीने पुढे झालो, प्रेताला मनातल्या मनात नमस्कार केला, कॅमेरा डोळ्याला लावला. आणि प्रेत ओठ न हलवता म्हणालं, "डावीकडून घे रे. उजवीकडून मी जिवंत दिसतो."

मी जी उडी मारली ती मधे भिंत नसती तर बंदर ओलांडून थेट हाँगकाँग बेटावर पडली असती. भिंत होती, म्हणून दिव्यांचे खांब, उदबत्त्यांचं तबक आणि दिग्दर्शकांची चहाची किटली एवढ्यावरच भागलं. नटीला हसू आवरेना. तोंडावर बाही दाबून ती गदागदा हलत राहिली. तो तुकडा तसाच पडद्यावर गेला आणि तिच्या त्या हुंदक्यांनी लोकांची काळजं पिळवटली. शवपेटीतले गृहस्थ मात्र ढिम्म. त्यांच्या नाकावर माशी बसली होती, तीसुद्धा हलली नव्हती. "नवीन आहे वाटतं," एवढंच ते म्हणाले आणि पुन्हा मेले.

यिक कुम-शिंग हे त्यांचं पूर्ण नाव. धंदा, मरण्याचा. आमच्याकडे तेव्हा आठवड्याभरात एक चित्रपट शिजायचा. कधी विनोदी, कधी गळेकाढू प्रेमाचा, कधी नाचगाण्याचा आणि भरजरी पोशाखांचा जुना ऑपेरा. पण कुठलाही असो, कोणीतरी मेल्याशिवाय गोष्ट हलत नसे. बाप मेला की मुलगी अनाथ व्हायला मोकळी, नवरा मेला की विधवेला गाणं मिळणार. तो बाप आणि तो नवरा म्हणजे यिक काका. जिवंत माणसाचं काम त्यांना एकदाच मिळालं होतं. "मालक, चहा," एवढंच वाक्य होतं. ते त्यांनी असं म्हटलं की दिग्दर्शक म्हणाले, "अरे, जिवंत माणूस असा बोलतो का? जा बाबा, शवपेटीत जा."

शवपेटीतही जागा नसली तर ते भिंतीवर असत. मी काढलेला त्यांचा एक फोटो होता, डावीकडून. काळी चौकट लावून तो कुठल्याही चित्रपटात स्वर्गवासी वडील म्हणून टांगायचे. आमच्या गावातल्या झाडून सगळ्या नायिका त्या फोटोपुढे उदबत्ती ओवाळून रडल्या आहेत. त्याचा परिणाम असा झाला की यिक काका रस्त्याने चालले की माणसं जरा बाजूला सरकत. भाजीवाली त्यांच्या हातात सुटे पैसे ठेवताना नजर वळवायची. एकदा बंदरातल्या फेरीबोटीत एक म्हातारी त्यांना बघून एकदम रडायलाच लागली. का रडतेय हे तिलाही सांगता येईना.

"तुम्हाला वाईट नाही वाटत?" मी विचारलं होतं.

"कशाचं? माझ्याइतकं स्वतःवर कोणी रडवून घेतलंय का?"

मरण्याचा धंदा करायचा तर त्याचे नेमही पाळावे लागतात. आमच्या स्टुडिओत जो कॅमेऱ्यापुढे मरेल त्याला उठताक्षणी लाल पाकीट द्यायचं. आत एखादं नाणं. त्याचं लगेच काहीतरी गोड घेऊन खायचं. म्हणजे मरण जर त्या बाजूने चाललेलं असेल, तर त्याला कळावं की ही गंमत होती, पुढे चला. एवढ्यावर सगळ्यांचं समाधान व्हायचं. यिक काकांच्या बायकोचं होत नसे.

चोई-वान काकू शुन-ताककडच्या खेड्यातली. उंचीला नवऱ्याच्या खांद्याशी, आवाजाला स्टुडिओच्या भोंग्याच्या वर. घरी बसून ऑपेराच्या पोशाखांवर टिकल्या आणि मणी शिवायची. त्यामुळे तिच्या कोपरांना, केसांना, कधी भातालाही टिकल्या चिकटलेल्या असत. तिच्या गावात लहान मूल घाबरलं की त्याचा जीव घाबरला त्या जागीच राहतो असं मानतात. मग आई तिथे जाते, मुलाचं नाव घेऊन हाक मारते, चल बाळा, घरी जेवायला चल. तेव्हा जीव मागे येतो. आपल्या माणसानेच हाक मारावी लागते, परक्याच्या हाकेला येत नाही.

"तिथे झोपायचं, डोळे मिटायचे, बायका रडवायच्या," काकू म्हणायची, "आणि उठून सरळ घरी यायचं? आलेला माणूस पूर्ण आलाय कशावरून?"

म्हणून नवरा ज्या दिवशी मरणार त्या दिवशी ती जेवणाचा डबा घेऊन स्टुडिओत हजर. खारवलेला मासा, भात, कमळकाकडीचं सूप. दिग्दर्शक 'कट' म्हणाले की ही शवपेटीशी जायची आणि हाक मारायची, "मेल्या, झालं ना मरून? मग ऊठ, सूप निवतंय!"

आमच्याकडे बायका लाडात आल्या की नवऱ्याला मेल्याच म्हणतात, त्यात नवल नव्हतं. पण खऱ्याखुऱ्या शवपेटीत वाकून म्हणणारी ही एकटीच. यिक काका एक डोळा उघडायचे. "मासा तळलास की वाफवलास?"

"मेलेल्याला काय करायच्यात चौकशा? ऊठ आधी!"

मग ते उठायचे, लाल पाकीट घ्यायचे आणि जेवायला बसायचे. प्रकाशयोजनेवाले, रंगवाले, रडून आलेल्या नट्या, सगळे भोवती गोळा होऊन काकूच्या हातचं सूप मागायचे.

अशातच यिक काकांचा मोठा चित्रपट आला. विनोदी होता. घरात लग्न तोंडावर आलंय आणि म्हातारा चुलता मरतो. बातमी फुटली तर सुतकात लग्न पुढे जाणार, म्हणून पुतणे त्याला टोपी घालून मेजवानीला बसवतात, पाहुण्यांकडे बघून त्याची मान डोलावतात, त्याला वरातीतही नेतात. चित्रपटभर प्रेतच प्रेत. यिक काका त्याचे नायकच म्हणायचे. शेवटी लग्न लागतं, सगळे जातात, चुलता एकटा पलंगावर नीट निजवलेला, आणि समाप्त. त्या शेवटच्या तुकड्याला दिग्दर्शकांनी 'कट' म्हणायला जरा वेळ लावला. जेवणाची सुट्टी झाली असं समजून काकू डबा घेऊन सरळ चालत आली. पडद्यावर तिचं कोपर दिसतं, कोपराला चिकटलेल्या टिकल्या चमकतात, डब्याची कडी दिसते आणि आवाज येतो, "मेल्या, झालं ना मरून? मग ऊठ, सूप निवतंय!"

दिग्दर्शक खुर्चीवरून पडले म्हणतात. तुकडा तसाच ठेवला. चित्रपट धो धो चालला, आणि लोक त्या एका वाक्यासाठी पुन्हा पुन्हा जायला लागले. गल्लीतली पोरं, ट्रॅमचे कंडक्टर, भाजीवाली, जो तो यिक काकांना बघून तेच ओरडायचा. काकू खूश. "आयुष्यभर मेला हा," ती म्हणायची, "आणि नाव झालं माझ्या कोपराचं."

पुढच्या पावसाळ्यात काकूला ताप आला. साधाच वाटला. त्या दिवशी यिक काकांना एका ऑपेरात मरायचं होतं. सेनापती, छातीत बाण. "जा, मर जा," ती म्हणाली होती, "मी डबा घेऊन येतेच." सेनापती मेला, दिग्दर्शकांनी 'कट' म्हटलं, सगळे जेवायला गेले. यिक काका पडून राहिले. कोणीतरी म्हणालं, उठा की. ते म्हणाले, "येईल ती. आज उशीर झालाय." सगळे जेवून परत आले. ते पडलेलेच. मग शेजारची मुलगी धावत आली, दाराशी थांबली आणि कोणाला सांगावं ते न कळून माझ्याकडे बघत राहिली.

मला ते दृश्य अजून दिसतं. सेनापतीचा वेष, छातीतला बाण, आणि डोळे मिटून हाकेची वाट बघणारा माणूस. त्यांना आम्ही खांद्याला धरून उठवलं. उठले, पण लाल पाकीट घेतलं नाही.

त्यानंतर कधीच घेतलं नाही.

काम चालू राहिलं. उलट काका पूर्वीपेक्षा चांगले मरायला लागले, इतके चांगले की त्यांच्या शेजारी उभं राहवत नसे. पूर्वी नट्या रडता रडता त्यांना चिमटे काढायच्या, आता हात लावायला धजत नव्हत्या. 'कट' झाल्यावर ते पडूनच राहायचे. रंगवाला चेहरा पुसायला वाकायचा, मधेच थांबायचा, नाकाशी बोट नेऊन श्वास बघायचा. मी फोटो धुवायला टाकले की चौकटीत त्यांचा चेहरा सगळ्यांच्या आधी पांढरा होऊन वर यायचा. त्यात माझ्या रसायनांचा दोष असेल, पण मी ते काम दिवसाढवळ्या, दुसरं कोणी सोबत असतानाच करायला लागलो.

एकदा मी विचारलं, "काका, असं किती दिवस?"

"कसं?"

"असं. ना धड जेवता, ना बोलता. रस्त्यात लोक हाक मारतात तर बघतही नाही."

"फोटोवाल्या," ते शांतपणे म्हणाले, "त्या दिवशी मला कोणी उठवलंच नाही. तुम्ही उचललंत, ते वेगळं. मी अजून तिथेच पडलोय, बाण लागलेला. तिने एकदा हाक मारली तर उठेन."

"ती आता कशी मारेल?"

"मारते ना. पडद्यावर."

तो लग्नाचा चित्रपट तेव्हा याऊ मा तेई भागातल्या 'रुपेरी चंद्र' थिएटरात सकाळच्या स्वस्त खेळाला लागला होता. यिक काका रोज जाऊन बसायचे. मीही एकदा गेलो, आणि तेव्हा मला त्यांची अडचण कळली. चित्रपट इतका पाठ झालेला की शेवट आला तशी माणसं खुर्चीच्या कडेवर सरकली. कोपर दिसलं मात्र, अख्खं थिएटर एका सुरात ओरडलं, "मेल्या! झालं ना मरून?" मग टाळ्या, शिट्ट्या, शेंगांच्या टरफलांचा पाऊस. त्या गदारोळात काकूचा आवाज मुंगीएवढाही ऐकू आला नाही. यिक काका कानामागे हात धरून, मान पुढे काढून बसले होते. शेजारच्या माणसाने त्यांना ओळखलं आणि त्यांच्याच कानात ओरडला, "सूप निवतंय!"

बाहेर आल्यावर ते म्हणाले, "रोज असंच. तिच्या आधी हे बोलतात." आणि मग, "न हसणारे प्रेक्षक कुठे मिळतील रे?"

मिळण्यासारखे होते. 'रुपेरी चंद्र'ची मालकीण किऊ बाई दर वर्षी चिनी पंचांगाच्या सातव्या महिन्यात, भुकेली भुतं मोकळी सुटतात त्या दिवसांत, एक खेळ मेलेल्यांसाठी लावायची. दुपारचा. तिकीट नाही, दारं सताड उघडी, पुढच्या रांगांतल्या खुर्च्यांवर संत्री, चहाचे पेले, भाजलेलं डुकराचं मांस. आत एकही जिवंत माणूस बसायचा नाही. चित्रपट मात्र नेहमी विनोदी. "रडका कशाला दाखवू?" ती म्हणायची. "त्यांच्यावर रडून झालंय सगळ्यांचं." आणि त्या वर्षी तिने निवडला होता तो लग्नाचा चित्रपट.

आम्ही दोघे तिच्याकडे गेलो. किऊ बाई गल्ल्यावर पाय वर घेऊन खरबुजाच्या बिया सोलत होती.

"नाही म्हणजे नाही," ती म्हणाली. "तो खेळ जिवंतांसाठी नाही."

"मी कुठे म्हणतोय मी जिवंत आहे?" यिक काका म्हणाले.

"कालच तर बाजारात रताळ्यांवरून भांडत होतास."

"मेलेल्यांनी रताळी फुकट घ्यावीत असा कुठे नियम आहे?"

"हे बघ, मला चावटपणा नकोय. ते लोक रागावतात."

"किऊ बाई, या गावात माझ्याइतक्या वेळा कोण मेलंय? त्यांच्यातला कोणी येऊन म्हणू दे, हा बाहेरचा आहे. मी उठून जाईन."

तिने बी दातात धरली आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग बी तशीच थुंकून टाकली. "लाल पाकीट घेत नाहीस म्हणे हल्ली?"

"नाही."

"बस मग. मागच्या बाजूला. हसायचं नाही, संत्र्यांना हात लावायचा नाही. आणि शेजारी कोणी येऊन बसलं तर वळून बघायचं नाही."

मला आत परवानगी नव्हती. मी वर ऑपरेटरच्या खोलीत, मशीनशेजारच्या भोकाला डोळा लावून उभा. ऑपरेटर जाड माणूस, गळ्यात तीन ताईत. "मी खाली बघत नाही," त्याने आधीच सांगितलं. "मी फक्त पडद्याकडे बघतो. तूही तसंच कर."

दिवे गेले. रिकाम्या थिएटरात चित्रपट सुरू झाला. विनोदी चित्रपट कोणी न हसता चाललेला बघण्याइतकं भयाण काही नाही. नट वाक्य टाकतात, हशासाठी थांबतात, आणि हशा येत नाही. मग ते तसेच ओशाळल्यासारखे पुढे बोलू लागतात. त्यातले काही तोवर खरोखरच वारले होते. नवरीची आई झालेली बाई वारली होती. चुलत्याला टोपी घालणारा पुतण्या बोट बुडून गेला होता. पडद्यावर एक प्रेत मेजवानीला बसलेलं, भोवती जिवंत माणसं नाचतायत. आणि आता त्यातलं प्रेत मात्र जिवंत, खाली मागच्या रांगेत बसलेलं. पुढच्या रांगांतल्या लाकडी खुर्च्या उन्हाने करकरतात तशा करकरत होत्या. बाहेर ऊन नव्हतं.

शेवटचा प्रसंग आला. पलंगावर चुलता. मी खाली बघितलं. यिक काकांनी मान मागे टाकली होती, डोळे मिटले होते, हात पोटावर जुळवले होते. वर एक, खाली एक, एकासारखा एक. पडद्यावर कोपर आलं. टिकल्या चमकल्या.

मशीनच्या घरघरीत मला काहीच ऐकू आलं नाही. दिसलं एवढंच, की यिक काका उठून ताठ उभे राहिले.

मी जिना उतरून दाराशी पोचलो तेव्हा ते बाहेर येत होते. चेहरा लाल. मला वाटलं रडून. पण ते संतापले होते.

"ऐकलंत?" मी विचारलं.

"कपाळ! इथेही हसले!"

"कोण?"

"पुढच्या रांगांतले. पोट धरधरून. तिचं 'मेल्या' तेवढं कानावर आलं, पुढचं सगळं बुडालं."

मी दारापासून एक पाऊल मागे झालो. "मग... मग उभे कशाला राहिलात?"

"बघायला. इतकं मोठ्यांदा कोण हसतंय ते." त्यांनी बाहीने तोंड पुसलं. "सगळ्यांवर आवाज तिचाच होता रे. स्वतःच्याच वाक्याला. तिचं हसू मला कळत नाही? तिथे बसून हसतेय, आणि मी इकडे वर्षभर बाण लावून पडलोय."

किऊ बाई दारात येऊन उभी राहिली होती. तिने आत डोकावून रिकाम्या खुर्च्यांना वाकून नमस्कार केला.

"फोटोवाल्या," यिक काका म्हणाले, "तुझ्याकडे लाल पाकीट आहे का?"

माझ्याकडे नव्हतं. किऊ बाईने गल्ल्यातून आणून दिलं. समोरच्या टपरीवर त्यांनी माल्टच्या गोड पाकाची बिस्किटं घेतली आणि तिथेच उभ्याने खाल्ली. पाक दातांना चिकटला तेव्हा टपरीवाल्याला दोन शिव्या दिल्या. जिवंत माणूस देतो तशा.

पण त्यानंतर त्यांना मरता येईना. शवपेटीत झोपले की छाती वरखाली व्हायची, नाक खाजायचं, पापणी फडफडायची. एकदा नायिका ऐन टिपेला असताना ते हसले. दिग्दर्शकांनी पुन्हा घेतलं, पुन्हा हसले. "हा माणूस मेलेला वाटत नाही," असं सगळीकडे झालं आणि काम बंद पडलं. किऊ बाईने त्यांना दारावर तिकिटं फाडायला ठेवलं. सातव्या महिन्यातल्या खेळाला तिकिटं नसत, तरी ते दाराशी उभे असायचे. पुढच्या रांगेकडे बघत नसत. कान मात्र तिकडेच असायचा.

पुढे आमच्या बोलीतले चित्रपट निघेनासे झाले, स्टुडिओ बंद पडला, 'रुपेरी चंद्र'च्या जागी बँक आली. यिक काका छातीच्या विकाराने सरकारी इस्पितळात वारले. मी फेरीबोट चुकल्याने उशिरा पोचलो, तोवर खाट दुसऱ्याला दिली होती. लग्नाच्या चित्रपटाची एकच प्रत उरली होती. ती किऊ बाईच्या पुतण्याने फिल्म धुऊन चांदी काढणाऱ्या माणसाला विकली. चांदी फारशी निघाली नाही.